भिंतीवरचं सर्टिफिकेट आणि काउंटरवरचा पोरगा



नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एकदा संध्याकाळी उभं राहून बघा. दवाखान्यांतून माणसं चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडतात आणि मेडिकलवर गर्दी करतात. काउंटरमागे विशी-बाविशीचा पोरगा असतो, नायगावचा, बिलोलीचा नाहीतर मुखेडचा. लातूरला गेलात तर तोच पोरगा औशाचा किंवा निलंग्याचा असतो. डॉक्टरचं ते अक्षर तो वाचतो, औषध काढतो, बिल करतो आणि "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर" असं म्हातारीला समजावून सांगतो.

आमच्या ओळखीतला एक पोरगा सहा वर्षं अशाच काउंटरवर आहे. त्याचं नाव सांगणार नाही, दुकानही सांगणार नाही, कारण त्याची रोजी जाईल. मी त्याला विचारलं, "भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावलंय, ते सर कुठं असतात?" तो हसला. म्हणाला, "ताई, त्यायला मी बी अजून बघितलं नाही."

मला आज त्याच्या हसण्याबद्दल बोलायचं आहे.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. आपल्या घरात अजून "पोरगं मेडिकलवर कामाला आहे" हे वाक्य "दुकानात पुड्या बांधतंय" अशा सुरात म्हटलं जातं. स्टॉकिस्टकडून माल आला की बिलाशी ताडून बघायचा, बॅच नंबर आणि एक्स्पायरी तपासायची. मुदत संपत आलेला माल वेगळा काढून परत पाठवायचा. इन्सुलिन दोन ते आठ अंशांतच ठेवायचं आणि लाइट गेली की फ्रिजकडे आधी धावायचं. नावात एका अक्षराचा फरक असलेली दोन औषधं शेजारी ठेवायची नाहीत. स्ट्रिप कापून देताना एक्स्पायरी छापलेला भाग गिऱ्हाइकाकडे जातो की कचऱ्यात, हे बघायचं. शेड्यूल एचची औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीतल्या औषधांची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि झोपेची औषधं यांची, स्वतंत्र नोंदवही ठेवायची. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं. ती वही तीन वर्षं जपायची. हे काम बुद्धीचं आहे, जबाबदारीचं आहे आणि चुकलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतणारं आहे.

आता कायदा बघा. फार्मसी कायदा १९४८, कलम ४२, आणि औषधविक्रीचे नियम. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, किंवा दुसऱ्याने दिलं तर त्याच्या प्रत्यक्ष, वैयक्तिक देखरेखीखाली द्यायचं. म्हणजे सहाय्यकाला काम करायला बंदी नाही. बंदी आहे ती फार्मासिस्ट हजर नसताना औषध देण्याला. आणि कलम मोडणारा कोण? मालकावर लायसन्सची कारवाई होईल ती होईल. पण औषध ज्याच्या हातून गेलं, तो पोरगाही या कलमात गुन्हेगार ठरतो. सहा वर्षं राबला, काम शिकला, नव्या पोरांना शिकवलं, आणि कागदावर तो काय? रोज गुन्हा करणारा माणूस.

मग भिंतीवरचं सर्टिफिकेट तिथं काय करतंय? ते भाड्याने आलेलं आहे. हा धंदा सगळ्यांना माहीत आहे. डिप्लोमा एकाचा, दुकान दुसऱ्याचं, राबणारा तिसरा. डिप्लोमावाल्याला घरबसल्या महिन्याला पैसे, मालकाला लायसन्स आणि तिसऱ्याला बारा तास उभं राहून तुटपुंजा पगार, तोही रोखीत.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नसते, ती श्रम करणाऱ्यांची विभागणी असते, आणि तीही वरखाली पायऱ्यांची. समाजशास्त्राच्या वर्गात मी हे शिकले. समजलं मात्र त्या काउंटरवर. ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला कामाला हातही लावायचा नाही. ही रचना आपण ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

इतिहासही बघा. मार्च १९४८ मध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन कायदे झाले, एक फार्मसीचा आणि दुसरा किमान वेतनाचा. किमान वेतनाचं विधेयक १९४६ साली बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडलं होतं. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. फार्मसी कायद्याने पहिली नोंदवही तयार करताना एक दार उघडं ठेवलं होतं: जिथं चिठ्ठीवर औषधं दिली जातात तिथं पाच वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेल्यालाही नोंदणी मिळू शकत होती. म्हणजे अनुभव हीच पदवी. पण त्या काळात ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्या हातची औषधाची बाटली किती दवाखान्यांत चालली असेल? आज आपली पोरं काउंटरमागे पोचली, तोवर ते दार कधीच बंद झालं होतं.

इथं काही साथी म्हणतील, "मग मागणी करा की अनुभवी पोरांना परवानगी द्या. कायदा कडक राबवला तर आपलीच पोरं बेकार होतील." मला हे मान्य नाही. कारण काउंटरच्या दुसऱ्या बाजूलाही आपणच उभे आहोत. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. प्रशासनाने औषधटंचाई नाकारली, नातेवाईकांनी मात्र बाहेरून औषधं आणावी लागल्याचं सांगितलं. सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलकडे पळणारा माणूस गरीब असतो. त्याच्यासाठी तो फार्मासिस्ट हा शेवटचा तपासनीस आहे. तो नियम सैल करा म्हणणं म्हणजे आपल्याच आईच्या औषधाची तपासणी रद्द करा म्हणणं. आपल्याला कायदा हवा आहे, आणि आपला पोरगा त्या कायद्याच्या आत हवा आहे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते.

दहावीच्या पोरांनो, डी. फार्मसीला बारावी विज्ञान लागतं. भौतिक, रसायन आणि सोबत जीवशास्त्र किंवा गणित. "आर्ट्स घे, सोपं जातं" असं सांगणारा हे दार तुमच्यासाठी तिथंच बंद करतो. लातूर पॅटर्नच्या गावात नीट झाली नाही की पोरगं मोडून पडतं. पण त्याच विषयांवर दोन वर्षांचा डिप्लोमा, ५०० तासांचं प्रशिक्षण आणि नोंदणी ही वाट आहे. नियमांत आता एक्झिट परीक्षाही आली आहे. डिप्लोमानंतर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. आरोग्य केंद्रांत आणि जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकाऱ्याची पदं असतात, त्यांची वाट इथूनच जाते.

पालकांनो, भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला निकालानंतर नको, आधीच काढून ठेवा.

कौशल्य विकासाचा 'फार्मसी असिस्टंट' कोर्स करणाऱ्यांनो, तो जरूर करा, काम शिकाल. पण त्याने तुम्ही फार्मासिस्ट होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर उठून या.

काउंटरवरच्या भावांनो, बहिणींनो, नेमणुकीचं पत्र मागा, पगार बँकेत मागा. २०१७ चा दुकाने कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्याच्या बहुतेक तरतुदींतून सुटली. किमान वेतन मात्र एकट्या कामगारालाही लागू आहे. एकेकटे मागाल तर काढून टाकतील, म्हणून गल्लीतले दहा जण मिळून मागा.

आणि शेवटचं, सगळ्यात कडू. आपल्यातलेच काही डी. फार्म झालेले साथी सर्टिफिकेट भाड्याने देऊन एमपीएससीची तयारी करतात. शिष्यवृत्तीवर शिकलात, ती शिष्यवृत्ती चळवळीने मिळवलेली आहे. तुमच्या फ्रेमखाली जो पोरगा उभा आहे तो कुणाचा आहे, हे एकदा जाऊन बघा. चूक त्याच्या हातून झाली तर नाव तुमचं आहे, ते नोंदवहीतून कायमचं जाऊ शकतं. ते सर्टिफिकेट उतरवा. नाहीतर रोज जाऊन त्याच्याखाली उभे राहा आणि त्या पोराला शिकवा.

जय भीम.