बुधवारीं रात्रीं आठ वाजतां

मागील अंकांतील सुभाषितांवरील लेख वाचून एका वाचकभगिनीनें मला मोठें मार्मिक पत्र पाठविलें आहे. "मास्तर, तरुणपणीं मेघदूताखेरीज दुसरें कांहीं आपण गुणगुणलांच नाहीं काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. याचें खरें उत्तर देणें थोडें संकोचाचें आहे. तथापि साठी उलटल्यावर संकोच तरी किती दिवस बाळगावयाचा? सांगून टाकतों. १९७४ पासून १९७७ पर्यंत दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां मी रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' चोरून ऐकत असें, आणि त्या आठवड्याच्या गाण्यांची अनुक्रमवार यादी शब्दरूपावलीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर उतरून ठेवीत असें.

आमचें घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. वडील याज्ञिकी करीत. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असूं. सिनेमाच्या गाण्यांविषयीं त्यांनीं आपलें मत कधीं बोलून दाखविलें नाहीं, कारण तो विषय घरांत निघण्याचीच सोय नव्हती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असतां १९५२ सालीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं, याबद्दल मात्र अण्णा केसकरांचें नांव आदरानें घेत. मौज अशी कीं, त्या हद्दपारीनेंच गीतमालेस बळ दिलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती सिलोनवरून सुरू झाली. मुंबईंत गाइलेलीं गाणीं, मुंबईंतच मुद्रित केलेला कार्यक्रम. पण तो विमानानें कोलंबोस जाई आणि तेथून लघुलहरींवर बसून पुन्हां आमच्याकडे येई. समुद्र उल्लंघून लंकेस जाणें व परत येणें हें काम पुराणांत मारुतीनें एकदां केलें. हे लोक तें दर आठवड्यास करीत.

वाड्याच्या मागल्या सोप्यांत एक कारकून राहत, त्यांच्याकडे रेडिओ होता. त्यांच्या मुलास रामरक्षा शिकवावयास जातों, हें माझें निमित्त. काकू सर्व जाणून होत्या, पण बोलत नसत. लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरावर आपटून खालीं येतात, आणि तो थर कधीं स्थिर नसतो. त्यामुळें आवाज भरतीओहोटीप्रमाणें वाढे व मावळे. नेमका पहिल्या 'पायदाना'वरील गाण्याच्या वेळीं तो मावळावा आणि आम्हीं रेडिओस कान लावून बसावें, असें पुष्कळदां होई. अमीन सयानी यांची ती भगिनींस आधीं व बंधूंस मागून हांक मारणारी वाणी मात्र खरखरींतूनहि ओळखूं येई. माझें हिंदी जें कांहीं सुधारलें, तें शाळेपेक्षां त्या वाणीनें अधिक.

प्रारंभीं या कार्यक्रमांत सात गाणीं वाजवून त्यांचा क्रम लावण्याचें काम श्रोत्यांवरच सोंपविलेलें असे. पहिल्याच खेपेस ९,००० पत्रें आलीं, व पुढें आठवड्याचीं पत्रें ६५,००० पर्यंत गेलीं, असें सयानी स्वतः सांगत. इतकीं पत्रें कोणीं वाचावयाचीं? म्हणून मग तबकड्यांच्या दुकानांतील खप आणि ठिकठिकाणच्या श्रोतृसंघांचीं मतें यांवरून क्रम ठरूं लागला. मम्मटानें काव्याचे उत्तम, मध्यम व अवर असे भेद केले आहेत. त्यांत किती प्रती खपल्या हा निकष नाहीं. त्या वयांतहि हें मला समजत होतें, तरी बुधवारीं माझें आवडतें गाणें दोन पायऱ्या खालीं घसरलें कीं गुरुवारीं अन्न गोड लागत नसे. संगीतकार मदनमोहन यांस वर्षाचें पहिलें स्थान उभ्या हयातींत एकदांहि लाभलें नाहीं. ते १९७५ च्या जुलैंत वारले, आणि १९७७ सालीं 'लैला मजनू'तील त्यांचें गाणें वर्षांत पहिलें आलें. तें कांहीं त्यांचें सर्वोत्तम नव्हे, असें माझें आजहि मत आहे. पण वही मिटून मी त्या रात्रीं बराच वेळ बसून राहिलों होतों.

अण्णांची एकच हकीकत सांगतों. १९७५ सालाचें पहिलें गाणें 'रोटी कपडा और मकान'मधील महागाईवरचें होतें. वार्षिक कार्यक्रमांत तें शेवटीं लागलें असतां अण्णा मला जेवावयास बोलावण्याकरितां मागल्या सोप्याशीं आले. मी खिळून गेलों. ते उंबऱ्याबाहेर, खांद्यावरचें उपरणें सांवरीत, गाणें संपेपर्यंत उभे राहिले. त्या दोनतीन वर्षांत धान्याचे व तेलाचे भाव कोठच्या कोठें गेले होते. दक्षिणेचा सव्वा रुपया मात्र होता तेथेंच होता. गाणें संपल्यावर ते म्हणाले, "चाल कांहीं बरी नाहीं. पण म्हणताहेत तें खोटं नाहीं. चल, पानं वाढलीं आहेत." पुढें त्यांनीं हा विषय कधीं काढला नाहीं, आणि मला अडविलेंहि नाहीं.

ज्याला घरीं एवढी क्षमा मिळाली, त्यानें पुढें काय करावें? १९८६ सालीं मी शिक्षक असतां एका तेरा वर्षांच्या मुलाच्या संस्कृतच्या वहींत, शेवटच्या पानावर, मला गीतमालेची यादी आढळली. अक्षर सुरेख, आंकडे रांगेनें. मीं तें पान सर्व वर्गादेखत फाडलें आणि त्याला तासभर उभें केलें. माझ्या स्वतःच्या तशाच वह्या त्या दिवशीं घरीं पेटींत होत्या. मुलगा एक शब्द बोलला नाहीं.

२० फेब्रुवारी २०२४ रोजीं अमीन सयानी निवर्तले. त्यानंतर दोनच दिवसांनीं तो विद्यार्थी, आतां पन्नाशीचा, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्याकडे आला. बोलतां बोलतां म्हणाला, "सर, परवां एक मोठा माणूस गेला. आपल्याला नांव ठाऊक नसेल." मीं विचारलें, "१९७५ सालीं वर्षांत पहिलं कोणतं आलं होतं, सांग पाहूं?" त्याला सांगतां येईना. मीं चित्रपट सांगितला, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल सांगितले, लता, मुकेश, नरेंद्र चंचल, जानी बाबू हे चारहि गाणारे सांगितले. तो पत्रिका हातांत धरून माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. मग मीं त्या फाडलेल्या पानाची गोष्ट काढली.

"तें होय," तो म्हणाला, "तें मीं त्याच रात्रीं पुन्हां लिहून काढलं होतं, सर."