फांदी वरची, बाई खालची

पावसाळा तोंडावर आला की कामोठ्यातल्या सेक्टरांमधून फांद्या छाटायला टोळ्या येतात. कोयता घेऊन वर चढतो तो पुरुष. खाली पडलेल्या फांद्या ओढून टेम्पोत भरणाऱ्या बाया. आमच्या गटातल्या तिघीजणी हे काम करतात. वरच्याला म्हणायचे 'कटिंगवाला', खालचीला 'हेल्पर'. मजुरीतला फरक या नावातच ठरून जातो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण तो सारख्या कामापुरता होता. काम वेगळे दाखवले की ठेकेदार मोकळा!

आणि वर चढणाऱ्याला तरी कुणी शिकवलेले असते? कमरेला दोर नाही, डोक्याला हेल्मेट नाही. तारांच्या बाजूच्या फांद्या उडवायच्या, दुसरी बाजू तशीच ठेवायची. मग झाडाचा तोल जातो आणि वादळात ते कुणाच्या तरी अंगावर येते. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढे वरून, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर काढायचा. म्हणजे साल फाटत नाही, जखम भरून येते. ही विद्या आहे, नुसती ताकद नव्हे. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. तरी छाटणीची विद्या शिकवायची निकड कुणाला वाटत नाही.

"बाई झाडावर चढणार?" असे विचारणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. नारळ विकास मंडळाने २०११ साली तिथे नारळावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. पाय अडकवून पायरी-पायरीने वर नेणारे साधे यंत्र. बायकाही ते शिकल्या. रायगडात तर २०२० च्या निसर्ग वादळात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. झाडांची निगा जाणणारे हात इथे नकोत का?

दोष आपलाही आहे. बायांसाठी प्रशिक्षण म्हटले की आपण संस्थावाल्या शिवण, पापड, पार्लर यांपलीकडे जात नाही. मीही अशा किती वर्गांचे अहवाल लिहिले आहेत! पनवेल महापालिकेकडे आपण मागावे ते हे: बागेत आणि छाटणीवर राबणाऱ्या बायांना आधी प्रशिक्षण, त्या दिवसांची मजुरी, विमा, प्रमाणपत्र, आणि ठेक्याच्या अटींतच प्रशिक्षित बायांची संख्या.

बैठकीत हे मांडले तेव्हा तिघींतली सर्वांत थोरली एवढेच म्हणाली, "चढीन की. पण दोर चांगला द्या, आणि साडीवर नको, पँट द्या."