प्याला चालक, दंड जखमीला

गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रस्त्यांना रात्र उरत नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, नेवासे, कोपरगाव या टापूत उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पहाटेपर्यंत चालू असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर एखादा मद्यधुंद चालक भरधाव येतो आणि पाथर्डी-शेवगावकडून किंवा बीड जिल्ह्यातून तोडणीला आलेल्या मजुराचा पाय जातो. मग चालकाला शिक्षा किती व्हावी यावर सुशिक्षितांत तावातावाने चर्चा होते. ज्याचा पाय गेला त्याच्या पदरात काय पडते, हे विचारण्याची मात्र कोणाला गरज वाटत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीची मोठी वाहवा झाली. मद्यपान करून वाहन हाकण्याच्या पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांवर गेला. हे १० हजार सरकारी तिजोरीत जातात; जखमीला त्यातला छदामही मिळत नाही. परंतु त्याच दुरुस्तीने केलेल्या दुसऱ्या उपद्व्यापाची वाच्यता फारशी झाली नाही. विमा कंपनीला भरपाई नाकारण्यासाठी ज्या मोजक्या हरकती घेता येतात, त्यांत चालकाचे मद्यपान १९३९ च्या कायद्यात नव्हते, १९८८ च्या मूळ कायद्यातही नव्हते. नव्या कलम १५० ने ते घातले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते अंमलात आले. म्हणजे शुद्धीवर असलेल्या चालकाने तुडवले तर विमा कंपनी निमूटपणे पैसे भरणार, आणि प्यालेल्याने तुडवले तर ती हरकत घेणार! गुन्हा जितका घोर, तितका जखमीचा हक्क दुबळा. असला न्याय केवळ भांडवलाच्या हिशेबवहीतच शोभतो.

दारुड्याला विम्याचे संरक्षण का द्यावे, असा वरकरणी नैतिक भासणारा प्रश्न यावर केला जातो. त्याच्या मोडक्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीने खुशाल नाकारावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ती मुभा मान्य केली आहे आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. परंतु त्रयस्थासाठीचा विमा दारुड्याच्या सोयीसाठी नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी कायद्याने तो सक्तीचा केला आहे. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात परवान्याच्या बाबतीत आखून दिला होता. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली तो मद्यपी चालकालाही लावला. मात्र तो अपघात जुन्या कायद्याच्या काळातला होता. वसुलीचे ओझे कोणी वाहायचे, एवढाच हा वाद आहे. गावोगाव वकील असलेल्या कंपनीने, की कुबड्या घेतलेल्या मजुराने?

ट्रॉलीत बसलेल्या मजुराची दशा तर याहून वाईट. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. फडावरून कोपीकडे परतणारा मजूर हा फुकटचा प्रवासी मानायचा काय? तो कामगार आहे असे म्हणावे तर कोणाचा? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम ट्रॅक्टरमालकाकडे, आणि ट्रॅक्टर पुन्हा कर्जाऊ असतो. ऊस घेताना ही साखळी अखंड असते. भरपाईच्या दिवशीच तिची कडी निखळते.

आता न्यायाधिकरण पायाची किंमत कशी करते ते पाहावे. समजा मजूर ३२ वर्षांचा आहे. त्या वयाला १६ चा गुणक लागतो. मजुरीचा पुरावा नाही म्हणून महिना ६ हजार धरले आणि डॉक्टरने दाखल्यावर अपंगत्व ५० टक्के लिहिले, तर कमाईच्या नुकसानीचे ५ लाख ७६ हजार होतात. खरी कमाई १२ हजार मानली आणि एका पायाने ऊस तोडता येत नाही हे उघड सत्य मान्य केले, तर तीच रक्कम २३ लाख ४ हजार होते. शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी एक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच राजकुमार खटल्यात सांगितले. असंघटित मजुराकडे पगाराचे कागद मागू नयेत, हेही रामचंद्रप्पा या हमालाच्या प्रकरणात २०११ साली सांगितले. पण अर्जात ते मांडणारा कोणी हवा! शिवाय ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्याचा पाय गेला की बायकोचीही मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल अंगावर तशीच राहते. या नुकसानीला गुणकाच्या तक्त्यात रकाना नाही.

विनादोष भरपाईचा दिलासा आहे, असे सरकार म्हणेल. मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, हे खरे. पण ती रक्कम तडजोडीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा अर्ज संपुष्टात येतो. उपाशी माणसापुढे ठेवलेली ही निवड आहे. १९९४ साली संसदेने उठवलेली अर्जाची मुदतही २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची करून परत आणली. केवळ मुदतीच्या कारणावर अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये द्यावा लागला, यातच सारे आले.

मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेले ७ मजूर मेले आणि ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या जवळजवळ चौपट मद्यार्क होता. सत्र न्यायालयाने प्रथम सहा महिने आणि ५ लाख दंड पुरेसा मानला; ३ वर्षांच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला २०१२ साल उजाडले. पुण्यात २०२४ साली तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे धनिकाला गरज पडली की रक्तही बदलता येते.

आणि ही दारू येते कोठून? तोच ऊस, तीच मळी, तोच मद्यार्क. महामार्गालगतची मद्यविक्री डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, तेव्हा राज्य सरकारांना महसुलाचा पुळका आला. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दी त्यातून सुटल्या. बाटलीवर राज्य उत्पादन शुल्क घेणाऱ्या सरकारने त्यातला एक वाटा जखमींसाठी का राखून ठेवू नये? विमा कंपनीने हात झटकले की त्या निधीतून पैसे लगेच मिळावेत आणि सरकारने ते कंपनीकडून किंवा मालकाकडून वसूल करावेत. कलम १५० मधील मद्यपानाची हरकत रद्द व्हावी आणि तोडणी-वाहतुकीतील प्रत्येक ट्रॉलीवरील मजुरांचा विमा उतरवण्याची सक्ती कारखान्यांवर व्हावी, या मागण्या पक्षाने विधानसभेत आणि संसदेत लावून धरल्या पाहिजेत.

तोपर्यंत तालुका शाखांनी स्वस्थ बसून चालणार नाही. अपघात झाल्याचे कळताच कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात जावे, चालकाचे रक्त घेतल्याशिवाय हलू नये आणि फिर्यादीची नक्कल घ्यावी. मजूर परतून गावी गेला तरी राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, हे त्याला सांगावे. फडावरच्या साथीदारांचे मजुरीबद्दलचे जबाब हंगाम संपून टोळ्या पांगण्यापूर्वी लिहून घ्यावेत. नंतर ते साक्षीदार पुढच्या दिवाळीपर्यंत हाती लागत नाहीत.