फळीचा शोध

गेल्या लेखात आपण परसबागेतून मिळणाऱ्या व्यायामाविषयी बोललो. त्यावर एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला असून उजवा हात अजून साथ देत नाही. त्या लिहितात, ‘‘तुम्ही सुचवता ते सारे छंद हातांचे आहेत. ज्यांचा हातच गेला, त्यांनी काय करावे?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नाही, घरातच सापडले.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, कारखान्याच्या आरेखन विभागात आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढत असत. निवृत्तीनंतर त्यांनी युद्धकालीन नौकांच्या प्रतिकृती करण्याचा छंद जोपासला. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. वाचा आठवडाभरात परतली, चालणे चार महिन्यांत सुधारले, पण उजव्या हाताची बोटे मिटलेली ती नीट उघडेनात. मेजावर एक नौका अर्धवट राहिली होती. वहिनींनी तिच्यावर जुन्या पातळाचा तुकडा पांघरला. ती फेकून देण्याचे धैर्य कोणाला झाले नाही आणि उघडी ठेवण्याचेही.

त्या दिवसांत मी एक चूक केली. बोटांना व्यायाम म्हणून मणी ओवण्याचे साहित्य मी त्यांच्यापुढे ठेवले. हेतू चांगला होता. दादांनी मण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. बारीक अवयव जुळवण्यात ज्याची हयात गेली, त्याला मी बालवाडीत बसवले होते. पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना औदासीन्य येते, हे मला व्यवसायाने ठाऊक होते. पण या औदासीन्याला मीच हातभार लावला, हे कळायला वेळ लागला.

कोंडी फोडली ती त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाने. सुट्टीत त्याने ते पातळ उचलले आणि विचारले, ‘‘आजोबा, हिला रंग कोणता द्यायचा?’’

दादा बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘कोणत्या तारखेचा?’’

त्या प्रश्नाने घरात एक नवे काम सुरू झाले. ती नौका होती अमेरिकी नौदलाची ‘पीटी-१०९’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शेकडो लहान, वेगवान गस्ती नौका बांधल्या. त्यांच्यावर टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन शत्रूच्या जहाजावर आदळणारी अस्त्रे, बसवलेली असत. ऐंशी फुटी नौका न्यू जर्सीतील बायोन येथे एल्को कंपनी बांधी, तर अठ्ठ्याहत्तर फुटी नौका न्यू ऑर्लिन्समध्ये हिगिन्स कंपनी. दोन्हींची ठेवण वेगळी, म्हणून एकीचे छायाचित्र पाहून दुसरीची प्रतिकृती करता येत नाही. शिवाय प्रत्येक नौका महिन्यागणिक बदलत जाई. युद्धाच्या सुरुवातीला टॉर्पेडो जाड नळ्यांत असत. पुढे नळ्या गेल्या आणि हलके टॉर्पेडो कडेवरून घरंगळत सोडण्याचे सांगाडे आले. १०९ चे जलावतरण जून १९४२ मध्ये झाले आणि ती २ ऑगस्ट १९४३ च्या पहाटे बुडाली. म्हणून तिच्यावर चार नळ्याच हव्यात. तारीख आधी ठरवायची आणि मग हत्यार उचलायचे, हा दादांचा नियम होता. रोग्याचा वृत्तान्त घेताना मीही हेच करतो, पण त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत हे साम्य माझ्या ध्यानात आले नव्हते.

नातवाने एका वहीत तीन रकाने आखले: ‘ठाम’, ‘संभाव्य’ आणि ‘तर्क’. दादा सांगत, तो लिही. नौकेचे अंग मॅहॉगनी लाकडाच्या तिरप्या फळ्यांच्या दोन थरांचे आणि मध्ये सरसात भिजवलेले कापड, हे ‘ठाम’मध्ये गेले. या नौका प्लायवूडच्या असत, हा सर्रास ऐकू येणारा समज खोडला गेला. पॅकार्ड कंपनीची तीन पेट्रोल इंजिने आणि पोटात सुमारे अकरा हजार लिटर इंधन, हेही ठाम. रंगाचा प्रश्न मात्र सहज सुटेना. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत हिरवा आणि करडा सारखेच भासतात. त्या काळच्या काही फिल्मना तांबडा रंग जाणवतच नसे, त्यामुळे तो काळपट उमटे आणि निळा फिका. गर्द हिरवा रंग अखेर ‘संभाव्य’मध्ये लिहिला गेला. या नौकेवरचा १९६३ चा चित्रपट नातवाने हौसेने पाहिला आणि त्यातील नौका पुराव्यादाखल पुढे केली. दादा हसले. झटक्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. चित्रपटासाठी विमानदलाच्या बचावनौकांनाच सोंग चढवले होते, हे त्यांना माहीत होते.

अस्सल पुरावा दुर्मीळ का, हेही शोधातच उलगडले. युद्ध संपल्यावर लाकडी नौका मायदेशी नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. फिलिपाइन्समधील समार बेटाच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक नौका उपयोगाचे सामान काढून जाळून टाकण्यात आल्या. मोजक्याच उरल्या. १०९ च्याच जातीची ‘पीटी-६१७’ आज मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर येथे संग्रहालयात आहे. तिच्या डेकची छायाचित्रे दादा भिंगाखाली तासन्‌तास पाहत. नौदलासाठी रॉबर्ट बल्कली यांनी लिहिलेला ‘अ‍ॅट क्लोज क्वार्टर्स’ हा १९६२ चा इतिहासग्रंथ त्यांच्या उशाशी असे. त्याची प्रस्तावना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची आहे. शेवटच्या फेरीत १०९ चे नेतृत्व करणारे तरुण अधिकारी तेच होते.

एके संध्याकाळी नातवाने विचारले, ‘‘आजोबा, बोट बुडाली तर माणसे कशावर तरणार? इथे तराफा असायचा ना?’’ नौकेच्या पुढच्या डेकवर एका लहान तराफ्याची जागा असे. दादांनी वही मागवली आणि शोध पुन्हा सुरू झाला.

जे हाती लागले ते असे. शेवटच्या फेरीआधी खलाशांनी रणगाडाविरोधी वापराची एक ३७ मिलिमीटर तोफ मिळवून पुढच्या डेकवर बसवली. जागा करण्यासाठी तराफा काढून ठेवला. तोफेखाली लाकडी फळ्या घालून ती जखडून टाकली. त्या रात्री सॉलोमन बेटांतील ब्लॅकेट सामुद्रधुनीत ‘अमागिरी’ ही जपानी विनाशिका अंधारातून आली आणि नौकेचे दोन तुकडे करून गेली. तेरा जणांपैकी दोघे गेले. उरलेले अकरा तरंगणाऱ्या तुकड्याला धरून राहिले. तोही बुडू लागला, तेव्हा पोहता न येणाऱ्यांनी आणि जखमींनी तोफेखालच्या त्याच फळीचा आधार घेतला. केनेडींनी भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून त्याला ओढत नेले. सुमारे साडेपाच किलोमीटर अंतर आणि जवळपास चार तास पोहून सगळे एका निर्जन बेटावर पोहोचले. पुढे बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या तेथील दोन तरुणांनी नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप शत्रूच्या मुलखातून पोहोचवला. ८ ऑगस्टला सुटका झाली.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तराफा काढला, पण फळी ठेवली. तिने कोणाला तारावे म्हणून ती ठेवली नव्हती. ती तोफेसाठी होती.’’ एवढे बोलून त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

प्रतिकृती मी आणि नातवाने मिळून पुरी केली. मूळ आकाराच्या बहात्तराव्या हिश्शाची ती नौका जेमतेम चौतीस सेंटिमीटर लांब आहे. तोफेखालची फळी म्हणजे आगकाडीसारखी पट्टी. ती बसवायला दादांनी चिमटा मागितला आणि डाव्या हातात घेतला. तीनदा पट्टी निसटली. चौथ्यांदा बसली, पण तिरपी. मी सरळ करायला हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘राहू दे. घाईत जखडलेली फळी गुण्यात कशी असेल?’’ नातवाने ‘तर्क’ या रकान्यात नोंद केली: फळी किंचित तिरपी.

दादांचा उजवा हात आजही पूर्ण उघडत नाही. छंदाने पक्षाघात बरा होतो, असे मी म्हणणार नाही. त्यांची औषधे, रक्तदाबाची तपासणी आणि फिजिओथेरपी चालूच आहे. फरक इतकाच की, व्यायामाची वेळ झाली की आता त्यांना दोनदा हाक मारावी लागत नाही.

पत्रलेखिका भगिनींना म्हणून माझे सांगणे असे. यजमानांच्या आवडीच्या कामाचे भाग पाडून पाहा. बहुतेक कामांत हाताचा वाटा निम्मा असतो. उरलेला निम्मा विचारण्याचा, आठवण्याचा, पारखण्याचा आणि ठरवण्याचा असतो. तो त्यांचाच राहू द्या, आणि हात घरातील दुसऱ्या कोणाचे असू द्या. त्यांना खोटे, सोपे काम देऊ नका. खरा प्रश्न द्या, ज्याचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. पोरांना त्यांच्याजवळ बसवा आणि वही भरू द्या.

काही पथ्ये मात्र पाळावीत. भिंग घेऊन बसल्यास दर वीस मिनिटांनी नजर खिडकीबाहेर दूर न्यावी आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावीत. रंग, थिनर आणि झटपट चिकटणारा गोंद वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात. घासकाम करताना तोंडावर मास्क असावा. बधिर हाताला कापल्याचे कळत नाही, म्हणून पाते नेहमी दुसऱ्याने धरावे. रात्री दहानंतर शोध थांबवावा, कारण अर्धवट राहिलेला प्रश्न सकाळपर्यंत कुठेही जात नाही.

वहिनींनी ते पातळ धुऊन घडी करून ठेवले आहे. मेजावर सध्या हिगिन्सची अठ्ठ्याहत्तर फुटी नौका आहे, अजून बिनरंगाची. तारीख ठरायची आहे.