प्रोग्रॅमिंगचे पुस्तक विकत घेण्याआधी

अभियांत्रिकी, बीएस्सी आयटी किंवा बीसीएचे पहिले वर्ष सुरू झाले की पंधरवड्यातच एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सी शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?’ विरार-नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही घरात याचे उत्तर साधारण सारखेच मिळते. शेजारचा सीनियर आपले जुने पुस्तक अर्ध्या किमतीत देऊ करतो, नाहीतर दुकानदार परीक्षेचे गाइड पुढे सरकवतो. दोघांचाही हेतू चांगलाच असतो. पण पास होण्यासाठी पुस्तक घेणे आणि भाषा शिकण्यासाठी पुस्तक घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तिथे कुणी सांगत नाही.

याची किंमत विद्यार्थी मोजतो. विशेषतः बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा किंवा मुलगी महिनाभर धडपडते आणि ‘हे आपल्याला जमणारच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी होते. अनेकदा अडचण डोक्यात नसते, टेबलावरच्या पुस्तकात असते.

एक साधे उदाहरण घ्या. फॅक्टोरिअल काढण्याचा प्रोग्रॅम सीच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. आठचे फॅक्टोरिअल ४०,३२०. हाच प्रोग्रॅम ‘इंट’ वापरून टर्बो सीमध्ये चालवला, तर पडद्यावर उणे २५,२१६ असा आकडा उमटतो. कारण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा तो डॉसवरचा कंपायलर पूर्णांकाला १६ बिट देतो आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आजच्या संगणकांवर इंट सहसा ३२ बिटचा असतो. तिथे बारापर्यंत उत्तर बरोबर येते आणि तेराला गाडी घसरते. चांगले पुस्तक नेमके इथे थांबते आणि असे का झाले ते समजावते. वाईट पुस्तक पाचचे फॅक्टोरिअल १२० दाखवून पुढच्या धड्याकडे जाते. मुलाने घरी आठ टाकून पाहिले, तर चूक आपलीच झाली असे त्याला वाटते.

जुन्या पुस्तकांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वापरकर्त्याकडून ओळ वाचून घेण्यासाठी त्यांत ‘गेट्स’ हे फंक्शन सर्रास वापरलेले असते. समोरून किती अक्षरे येणार यावर या फंक्शनचा काहीच ताबा नसतो. जागा संपली तरी ते लिहीतच राहते. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या फटींतून शिरकाव केला, त्यांतली एक हीच होती. अखेर २०११च्या प्रमाणकातून गेट्स काढून टाकण्यात आले. तरीही ते शिकवणारी पुस्तके विकली जातात आणि काही प्रयोगशाळांत आजही निळ्या पडद्याचा टर्बो सी उघडला जातो.

म्हणून पहिली तपासणी आवृत्तीच्या वर्षाची. ती पायथनलाही लागू आहे. पायथन ३ डिसेंबर २००८मध्ये आले आणि पायथन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पुस्तकात ‘प्रिंट’नंतर कंस नसतील, तर ते जुन्या पायथनचे आहे, त्यातला पहिलाच प्रोग्रॅम आज चालणार नाही. हुतात्मा चौकाच्या पदपथावर स्वस्तात मिळाले म्हणून असे पुस्तक घेणे म्हणजे जुने वेळापत्रक पाहून गाडी पकडायला जाण्यासारखे आहे.

नवे ते सगळे चांगले, असाही अर्थ काढू नका. कर्निगहन आणि रिची यांचे सीवरचे पुस्तक १९७८चे, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ची. पावणेतीनशेपेक्षा कमी पाने, एक वाक्य वाया नाही. पण प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख असलेल्यांसाठी ते लिहिले आहे, असे लेखकच प्रस्तावनेत सांगतात. ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ पहिले पुस्तक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत, तेव्हा हातातली कोणती हे पाहूनच पैसे द्या.

दुसरी तपासणी सरावाची. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने वाचून झाल्यावर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्यानंतर दुसरा. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण टिकते ते स्वतः आठवलेले. प्रत्येक प्रोग्रॅमखाली लगेच उत्तर छापणारे गाइड नेमकी हीच मेहनत हिरावून घेते.

विरारकरांना या सरावासाठी आयती जागा आहे. सुटणाऱ्या लोकलमध्ये जागा मिळाली, तर चर्चगेटपर्यंत सुमारे दीड तास हातात असतो. तिथे लॅपटॉप उघडता येत नाही, पण दहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर ड्राय रन करता येतो. कुठल्या फेरीत कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय झाली ते लिहा, आउटपुटचा अंदाज बांधा आणि घरी चालवून पडताळा. ज्या पुस्तकातले प्रोग्रॅम असे हाताने सोडवता येतील इतके छोटे आहेत, ते नवशिक्यासाठी योग्य. आपल्या मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. तिसऱ्याच पानावर साठ ओळींचा प्रोग्रॅम देणारा लेखक हे विसरलेला असतो.

दुकानात दहा मिनिटे मिळाली तर अनुक्रमणिका सोडा, लूपचा धडा उघडा. लूप का लागतो, हे आधी सांगितले आहे का? नेहमी होणारी चूक आणि तिचा एरर मेसेज दाखवला आहे का? शेवटी स्वतः लिहायचे प्रश्न आहेत, की नुसते ‘आउटपुट सांगा’? एकाच ओळीत ‘आय प्लस प्लस’ आणि ‘प्लस प्लस आय’ची बेरीज करून उत्तर विचारले असेल, तर पुस्तक ठेवून द्या. सीच्या नियमांनुसार त्या ओळीला ठरलेले उत्तरच नाही.

भाषेचा अडसर खरा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि पायथनचे धडे मराठीतही ऐकता येतात, तेही मोफत. ऐकत ऐकत शेजारी टाइप करायचे आणि मग इंग्रजी पुस्तकातला तोच धडा वाचायचा. शब्द ओळखीचे झाले की वाक्ये कमी घाबरवतात.

व्हिडिओ आणि एआय असताना पुस्तक हवेच कशाला, असे काही जण विचारतील. एआय प्रोग्रॅम लिहून देतो, पण पुढे कोणता प्रश्न विचारायचा हे नवशिक्याला ठाऊक नसते. तो क्रम चांगले पुस्तक लावून देते. परीक्षेचे गाइडही घ्या, फक्त शेवटच्या महिन्यात.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. महाविद्यालये संदर्भग्रंथांची यादी लावतात. त्यात प्रत्येक पुस्तकापुढे आवृत्तीचे वर्ष आणि कोणत्या कंपायलरवर प्रोग्रॅम चालतात एवढे दोन रकाने वाढवले, तरी कितीतरी घरांतले चार-पाचशे रुपये वाचतील. सत्राच्या पहिल्या आठवड्यात पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे मागून घ्यायला हरकत नाही.