केस गळतच राहिले तर वाट किती पाहावी?

नाताळ आटोपून आठवडा झाला होता. नालछ्याजवळच्या एका खेड्यातील शेतकरी तरुण संध्याकाळी आमच्याकडे आला आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्याने टेबलावर उघडली. पुडीत केस होते. सकाळी उशीवर आणि न्हाणीत सापडलेले केस त्याने गोळा करून आणले होते. "फादर, सोयाबीन विकून दोन वेळा डोक्यात सुया टोचून घेतल्या. पैसेही गेले आणि केस तर पूर्वीपेक्षा जास्त जातात," तो म्हणाला. शहरातील ज्या दवाखान्यात हा उपचार चालला होता, तेथे विचारता एकच उत्तर मिळाले: असेच होते, धीर धरा, आणखी बैठका घ्या. आता उभ्या गव्हावर उचल घेऊन त्या बैठका घ्याव्यात काय, हे विचारायला तो आला होता.

केसांचा प्रश्न पुष्कळ लोक हसण्यावारी नेतात. आम्ही तसे करीत नाही. पंचविशीच्या मुलाचे डोके विरळ होऊ लागले की सोयरिकीच्या बैठकीत कुजबुज होते, मित्र चेष्टा करतात आणि मुलगा चारचौघांत जाण्याचे टाळू लागतो. मुलींचे दुःख तर याहून मोठे. त्यामुळे उपचार घ्यावासा वाटणे यात काही वावगे नाही. परंतु आमचे मत असे आहे की, 'धीर धरा' हे उत्तर काही महिन्यांपर्यंतच खरे असते. त्यापुढे ती सबब होते. ती मर्यादा कोणती आणि केस मुळात कशाने गळतात, या दोन गोष्टी आधी विचारल्यावाचून कोणीही या उपचारासाठी घरचे धान्य विकू नये.

प्रथम उपचार काय आहे ते समजून घेऊ. त्याला पी.आर.पी. म्हणतात. रोग्याच्याच दंडातून थोडे रक्त काढतात, ते यंत्रात वेगाने फिरवतात आणि रक्तातील प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका दाट करून वेगळ्या काढतात. जखम झाली असता रक्त गोठविणाऱ्या आणि जखम भरून आणण्यास मदत करणाऱ्या याच त्या कणिका. त्यांचे द्रावण बारीक सुईने टाळूत टोचतात. १९९० नंतरच्या दशकात दातांच्या व जबड्याच्या शस्त्रक्रियेत ही रीत रूढ झाली आणि पुढे केसांसाठी वापरात आली. साधारणतः महिन्याच्या अंतराने तीन बैठका होतात, आणि गुण आला तर तो टिकविण्यासाठी पुढेही काही महिन्यांनी पुन्हा सुई घ्यावी लागते. वंशपरंपरेने टक्कल पडू लागलेल्या काही लोकांत केसांची दाटी वाढल्याचे चाचण्यांत दिसले आहे. पण रक्त फिरविण्याची रीत आणि मात्रा जागोजागी निराळी असल्याने फळही सारखे येत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे खत आहे, बी नव्हे. जेथे केसाचे मूळच मेले आहे, तेथे ते नवे रोप उगवून देत नाही.

आता उपचार चालू असताना केस का गळतात? आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. त्यांपैकी शेकडा ८५ ते ९० वाढीला लागलेले असतात आणि बाकीचे विश्रांतीत असतात. विश्रांतीला गेलेला केस सुमारे ३ महिने मुळाशी नुसता टिकून राहतो आणि मग गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी माणसाचेही लक्षण आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. आज उशीवर सापडलेल्या केसाचा निकाल ३ महिन्यांपूर्वीच लागलेला असतो. काल टोचलेली सुई त्याला थांबवू शकत नाही.

मांडूला जाताना खुरासानी चिंचेची प्रचंड झाडे आपण सर्वांनी पाहिली आहेत. उन्हाळ्यात ती पानावाचून अशी उघडी उभी असतात की परक्या माणसाला ती वाळलेलीच वाटावीत. पावसाळा लागला की त्यांनाच पालवी फुटते. विश्रांतीतील केसांचे असेच आहे. मुळाला चालना मिळाली तर आतून येणारा नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो आणि काही आठवडे गळती वाढलेली दिसू शकते. सुयांच्या टोचणीनेही थोडे केस लवकर सुटतात. शिवाय कित्येक ठिकाणी या सुयांबरोबरच मिनॉक्सिडिल नावाचे औषध डोक्याला लावायला देतात. हे मूळचे रक्तदाबावरचे औषध असून ते सुरू केल्यावर पहिल्या २ ते ८ आठवड्यांत गळती वाढते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत केस गळाले म्हणजे फसवणूकच झाली, असे समजू नये.

परंतु प्रत्येक गळती ही चिंचेची पानगळ नसते. हरभऱ्याला मर लागली तर कितीही पाणी दिले तरी रोप उभे राहत नाही. म्हणून आधी कारण शोधले पाहिजे.

याचे मोठे उदाहरण आपल्या प्रांताच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटू लागली आणि थोड्याच दिवसांत केस मुठीने हातात येऊ लागले. लहान मुले, तरुण मुली, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. २५० हून अधिक लोकांना ही बाधा झाली. कित्येकांनी लाजेने उरलेले केसही उतरविले. प्रारंभी पाण्यावर संशय घेतला गेला, त्वचेचे नमुने तपासले गेले आणि दिल्लीहून शास्त्रज्ञांचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही तपास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी बोट दाखविले ते शिधादुकानातील गव्हाकडे. त्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य स्थानिक गव्हाच्या कितीतरी पट असल्याचे त्यांनी सांगितले. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते. अतिरेक झाला की केस आणि नखे जातात. पुढे कित्येकांचे केस पुन्हा उगवले, पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काहींची नखे खराब होऊन गळू लागली.

या गावांतील एखादा माणूस भांबावून शहरात गेला असता आणि कोणी त्याला सुया टोचल्या असत्या, तर काय झाले असते? केस उगवले असते तर श्रेय सुईला मिळाले असते, आणि घरात तेच पीठ मळले जात राहिले असते. कारण न शोधता केलेल्या उपचाराचा खरा धोका हाच आहे. पैसे तर जातातच, आणि शरीर जी सूचना देत असते तीही ऐकली जात नाही.

आपल्या खेड्यापाड्यांत केस गळण्याची कारणे बहुधा साधी असतात. टायफॉइड, डेंग्यू यांसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात, आणि मूळ कारण दूर झाले तर साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. अंगात रक्त कमी असणे आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड ही आणखी दोन कारणे. स्त्रियांमध्ये ती विशेष आढळतात. नाण्याएवढे गोल चट्टे पडणे हा आणखी वेगळा आजार. लहान मुलाच्या डोक्यावर खवले येऊन केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो आणि त्याला पोटात घ्यायचे औषध लागते.

आमच्याकडे आलेल्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले, "बाळ, पावसाळ्यात आजारी होतास का?" तो चमकला. श्रावणात टायफॉइडने तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. दिवाळीच्या सुमारास केस जाऊ लागले. सुया टोचण्यापूर्वी त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि विचारला नाही म्हणून त्यानेही सांगितले नव्हते. आम्ही डॉक्टर नाही; म्हणून त्याला धारच्या सरकारी रुग्णालयात पाठविले. तपासणीत रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उचल त्याने घेतली नाही. फाल्गुनापर्यंत गळती पुष्कळ उतरली. ती सुयांनी उतरली, गोळ्यांनी, की काळानेच, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि खरे पाहता आता कोणीच सांगू शकणार नाही. तपासणी आधी झाली असती तर ते कळले असते.

ज्यांना हा उपचार घ्यायचाच आहे, त्यांना आम्ही काही गोष्टी सुचवितो. पहिल्या सुईपूर्वी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, रक्ताची व थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि गेल्या सहा महिन्यांतील सर्व आजार व औषधे सांगा. घरात सिकलसेलचा आजार असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते मुळीच लपवू नका. पहिल्या दिवशी एका जागी, एका उजेडात डोक्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि दर महिन्याला तसेच काढा. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे रोज आरशात पाहून काही उमगत नाही. पहिले दोन-तीन महिने गळती दिसली तर घाबरू नका. तिसऱ्या महिन्यानंतरही ती वाढतच असेल तर पुढची सुई थांबवून कारण पुन्हा शोधायला सांगा. सहा महिन्यांनी छायाचित्रे शेजारी ठेवून फरक दिसत नसेल, तर आणखी बैठकांसाठी पैसे देऊ नका. टाळू लाल होणे, पू येणे किंवा ताप येणे, यांत मात्र एक दिवसही थांबू नये.

सुईच्या स्वच्छतेबद्दलही बोलले पाहिजे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चेहऱ्यावर असाच रक्ताचा उपचार करणारे एक विनापरवाना सौंदर्यकेंद्र २०१८ साली बंद करण्यात आले. तेथे उपचार घेतलेल्या काही स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे तेथील सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ साली जाहीर केले. तेव्हा सुई व नळी आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते की नाही आणि नळीवर आपले नाव लिहिले जाते की नाही, हे पाहा. केस कापणाऱ्या दुकानात किंवा शृंगारकेंद्रात हे काम कधीही करून घेऊ नका.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी केसांचे दुःख सांगू लागली तर हसू नका. घरात हसे होते म्हणूनच ती मुले कोणाला न विचारता शहराची वाट धरतात. बी पेरण्यापूर्वी आपण जमिनीचा कस पाहतो आणि पीक किती दिवसांत येईल हे विचारतो. डॉक्टरपुढे बसतानाही हेच दोन प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच पैशाला हात घालावा.