साधं, सोपं आणि घरगुती

मराठी भाषेत 'साधा' या शब्दाइतका लबाड शब्द दुसरा नसेल. आमच्या बँकेतला कर्जाचा 'साधा' अर्ज अकरा पानांचा असतो. लग्नपत्रिकेवर 'साध्या पद्धतीने' असं छापलेलं दिसलं की सहाशे पानं उठणार, हे समजून घ्यावं. डॉक्टर 'साधा ताप आहे' म्हणाले की चार तपासण्यांची चिठ्ठी हातात पडते. पण या सगळ्या लबाडांवर ताण केली आहे ती पाककृती लिहिणाऱ्यांनी. 'साधा, सोपा, घरगुती पीच कॉब्लर' या मथळ्याचा एक कागद सध्या आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. त्या कागदाविरुद्ध मी ही जाहीर फिर्याद दाखल करत आहे.

आधी आरोपीची ओळख. कॉब्लर म्हणजे शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकलेला जोडे शिवणारा गृहस्थ नव्हे. हा एक अमेरिकन गोड पदार्थ आहे. फळाचे काप साखरेत घोळवून भांड्याच्या तळाशी पसरायचे, वर सैलसर पिठाचे गोळे टाकायचे आणि सगळं भाजून काढायचं. खाली रस रटरटतो, वर पीठ फुगून त्याला खरपूस कवच येतं. एवढंच. आता साहित्य वाचा : पीचचे दोन डबे, बिनमिठाचं लोणी, ब्राउन शुगर, मैदा, बेकिंग पावडर, दालचिनी, व्हॅनिला, आणि एकशे ऐंशी अंशांवर आधीच तापवून ठेवलेली भट्टी.

मी नोकरीनिमित्त राहतो जव्हारला. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंची असल्यामुळे लोक याला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणायचे; 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून हे महाबळेश्वर पालघरच्या नावावर वर्ग झालं आहे. पण पीचला असली हातउसनी थंडी चालत नाही. त्या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे खरीखुरी थंडी लागते, तेव्हा कुठे ते फुलायचं मनावर घेतं. म्हणून आपल्या देशात पीच पिकतो तो हिमाचल, उत्तराखंड अशा पहाडी मुलखात, आणि तिथे त्याला 'आडू' म्हणतात. म्हणजे आमच्या घरच्या या 'घरगुती' पदार्थाचं घर माझ्या घरापासून दीडेक हजार किलोमीटरवर आहे.

"अहो, नाशिकला जाताय ना, मग येताना पीचचे दोन डबे आणा," असा मला हुकूम झाला. नाशिक इथून सुमारे ऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे साठ. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी लगेच कागदावर हिशोब मांडला. नावे बाजूला बसभाडं, डबे, लोणी, भट्टी. जमा बाजूला चार वाट्या गोड. ताळा कुठल्याही लेखापरीक्षकासमोर बसणार नाही. डबे मी आणले नाहीत. कंजूषपणा म्हणून नव्हे. माझं भांडण तत्त्वाचं आहे, आणि ते कॉब्लरच्याच बाजूनं आहे.

कारण कॉब्लरची कुळकथा तुम्ही पाहिलीत तर हा प्राणी नडीतून जन्मलेला आहे. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या लोकांना घरच्यासारखी पाय हवी होती. पण रानात नवी वसाहत करताना ना धड भट्टी, ना धड ओटा. होती ती चूल आणि एक जाडजूड बिडाचं भांडं. त्या भांड्याच्या झाकणाला काठ असायचा, म्हणजे झाकणावर निखारे ठेवता येत. खाली विस्तव, वर विस्तव! पिठाची सुबक पारी लाटायला सवड नव्हती, म्हणून बायकांनी गोळे तसेच वर टाकले. आणि पीच का? तर तो तिथे ढिगानं होता. हे फळ मूळचं चीनचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं आणि तिथे ते इतकं माजलं की लोकांना ते तिथलंच वाटू लागलं. आपल्याकडे रायवळ आंबा, तसा त्यांच्याकडे पीच.

1839 साली अमेरिकेत 'द केंटकी हाउसवाइफ' नावाचं पाकपुस्तक निघालं. लेटिस ब्रायन या बाईंनी लिहिलेलं. त्यात हा पीच कॉब्लर आहे, आणि बाईंनी प्रामाणिकपणे म्हटलं आहे की, पाहुण्यारावळ्यांसमोर मिरवण्यासारखा हा प्रकार नाही, पण घरच्या माणसांसाठी झकास आहे. 'घरगुती' या शब्दाचा खरा अर्थ हा! जे हाताशी आहे ते, जसं जमेल तसं, आपल्या माणसांसाठी. त्या बाई जव्हारात राहत असत्या, तर त्यांनी डबाबंद पीच आणायला नवऱ्याला नाशिकला पिटाळलं असतं? छे! त्यांनी परकर खोचून अंगणातले आंबे वेचले असते. मे महिन्यात आमच्या भागात रायवळ आंब्यांचा सडा पडतो. करवंदं असतात, फणस असतो, पुढे जांभळं येतात. हे सगळं ओलांडून डबा उघडणं म्हणजे कॉब्लर करणं नव्हे, कॉब्लरची नक्कल सादर करणं आहे.

"पण भट्टीचं काय?" हा दुसरा आक्षेप. या प्रश्नावर तर मला संतापच येतो. खाली विस्तव, वर विस्तव हे आपल्याला अमेरिकेनं शिकवायचं? कोकणात काकडीचं धोंडस असंच होतं. काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ जाड बुडाच्या पातेल्यात घालायचा आणि झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्याची तवसळी त्याच घराण्यातली. आमच्या पालघरात थंडीच्या दिवसांत उकडहंडी लागते, ती तर मडकं उपडं घालून भोवती जाळ करून. पण आपल्या आज्यांनी या सगळ्याला 'बेकिंग' असा शब्द वापरला नाही, एवढा एकच त्यांचा गुन्हा. शब्द नव्हता म्हणून विद्या नव्हती, असं आम्ही ठरवून टाकलं आणि हप्त्यांवर भट्ट्या घेऊ लागलो. त्यातल्या निम्म्या भट्ट्यांत सध्या जास्तीचे डबे ठेवलेले असतात.

आता फिर्याद नुसती करून भागत नाही, पुरावा जोडावा लागतो. तो जोडतो. पाडाला आलेल्या, पण अजून घट्ट असलेल्या आंब्यांचे चार वाट्या काप घ्या. त्यात पाऊण वाटी किसलेला गूळ, चमचाभर तांदळाचं पीठ आणि वेलची घाला. तांदळाचं पीठ अशासाठी की आंब्याला सुटणारा रस दाटतो, नाहीतर खाली सार होतं. जाड बुडाच्या पातेल्याला आतून तूप लावून हे मिश्रण पसरा. दुसऱ्या भांड्यात एक वाटी नागलीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन चमचे गूळ, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा एकत्र करून त्यात चार चमचे तूप चोळा. मग आंबट ताक घालत घालत भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट भिजवा. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. म्हणून भिजवल्यावर शेजारणीशी गप्पा मारत बसू नका. चमच्यानं गोळे आंब्यावर टाका, मधे फटी राहू द्या. झाकण ठेवा, खाली मंद आच, झाकणावर निखारे. निखारे नसतील तर जुना तवा लालसर तापवून झाकणावर ठेवा आणि तो निवला की पुन्हा तापवा. पाऊण तासात घरभर वास सुटतो.

यातली गंमत पाहा. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. तिचा केक करायला जा, तो तडकतो. पोळी लाटायला जा, कडा फाटतात. पण कॉब्लरला तडकलेलंच हवं असतं! खडबडीत, ओबडधोबड, फटींतून रस वर आलेला. म्हणजे हा पदार्थ मैद्यापेक्षा नागलीलाच जास्त मानवतो. एका परक्या पदार्थाला आपल्या कातळावरच्या धान्यानं असं ओळखीच्या माणसासारखं घरात घ्यावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

कौतुक वाटलं नाही ते आमच्या कॉलनीला. "नागली? आणि ती पाहुण्यांना?" एका वहिनींनी असा चेहरा केला की जणू मी कॉब्लरमध्ये खरोखरच चप्पल घातली आहे. इथे माझी फिर्याद विनोदाची हद्द सोडते. घाटावर आणि कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच ही नागली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात त्याचा पंचविसावा हिस्साही नाही. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हापासून मुंबईच्या दुकानांत हीच नागली चकचकीत पाकिटात 'रागी कुकीज' म्हणून मानानं बसते. आणि जिथे ती पिकते तिथे? आमच्या शाखेतला शिपाई वावरचा. मी त्याला एकदा विचारलं, "भाऊ, तू डब्यात कधी भाकर आणत नाहीस?" तो म्हणाला, "घरी नागलीच खातो साहेब. इथं सगळ्यांत बसायचं, म्हणून भात आणतो."

वावर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1992 साली वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं दगावली तेव्हा ते साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. ती मुलं घरच्यांना रांधता येत नव्हतं म्हणून गेली नाहीत. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, हाताला काम नसतं, दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी-ठाण्याकडे निघतात, दवाखाना लांब असतो. कारणं ही आहेत. माझ्या पातेल्यातल्या कॉब्लरनं यातलं काही सुटणार नाही, एवढं गणित मला येतं. पण ज्या मुलखात अन्नाची इतकी मोठी किंमत मोजली गेली, तिथे आम्ही पगारदार मंडळींनी इथल्या धान्याला नाक मुरडावं आणि डबाबंद पीचला हारतुरे घालावेत, हा हिशोब मला मान्य नाही. आम्हीच लाजलो तर शिपाई डबा उघडेल कसा? आणि आम्हीच विकत घेतली नाही तर ती वरकस उतारावर पेरायची कोणी आणि कशासाठी?

तेव्हा माझी मागणी अगदी 'साधी' आहे. पाककृती छापणाऱ्यांनी साहित्याच्या यादीआधी एक ओळ वाढवावी : हा पदार्थ कुठे साधा, कुठे सोपा आणि कोणाच्या घरचा घरगुती. केंटकीत पीचचा, जव्हारात आंब्याचा, आणि जिथे काहीच पिकत नाही तिथे गूळ-खोबऱ्याचा. आणि वाचकहो, तुम्ही कधी धबधबे पाहायला आमच्याकडे आलात, तर रस्त्याकडेला बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतील. तिथे आंबे घ्या, नागली घ्या, आणि मॉलमध्ये पाकिटाशी घासाघीस करत नाही, तशी इथेही करू नका.

पाहुण्यांना वाढताना त्याला कॉब्लर म्हणा, हवं तर आणखी भारी इंग्रजी नाव द्या. फक्त कोणी "यात काय घातलंय हो?" म्हणून विचारलं, तर आवाज खाली न आणता सांगा : नागली.